उडत्या गडाचा दारवान

'उडता गड' या चित्रमालिकेचे आजवर चौदा भाग झाले. त्यांपैकी तीन शेवटचे होते.

पहिला भाग १९८४ साली कोल्हापुरात 'प्रतिसृष्टी चित्र' नावाच्या दीड खोलीच्या संस्थेनं काढला. गोष्ट अशी की, शत्रूनं वेढलेल्या एका डोंगरी किल्ल्याच्या पोटात हजारो वर्षं एक अवकाशयान झोपलेलं असतं आणि शेवटी तो किल्ला माणसांसकट आकाशात निघून जातो. किल्ला प्लायवूडचा होता, तटबंदी उसाच्या चिपाडाची, आणि उड्डाणाचा धूर शेजारच्या गुऱ्हाळानं दिलेला. तरी लोक रडले. मग दुसऱ्या भागात किल्ला परत आला. तिसऱ्याचं नाव 'शेवटची झेप'. तो चालला, म्हणून चौथ्याचं नाव 'शेवटच्या झेपेनंतर'. पाचव्या भागात किल्ला दिसतच नाही. तो दुरुस्तीला गेलाय, असं एक पात्र दोनदा सांगतं. सहाव्या भागाच्या वेळी मालिका मुंबईकरांनी घेतली, नवव्याच्या वेळी मुंबईकरांना कुणीतरी घेतलं. या नवव्या भागाचं नाव 'प्रारंभ' आहे.

मालिकेला साठावं वर्ष लागलं तेव्हा, म्हणजे २०४३ साली, कंपनीनं तिचा अधिकृत इतिहास लिहिण्याचं काम मला दिलं. पहिल्या भागाचं परीक्षण मी बाविसाव्या वर्षी इथल्या दैनिकात लिहिलं होतं, आणि तेव्हापासून एकही भाग सोडला नव्हता. पहिला भाग तर मी एकसष्ट वेळा पाहिला आहे. इतक्या वेळा मी माझ्या सख्ख्या भावालाही पाहिलेलं नाही.

पहिलं प्रकरण निम्मं झालं असताना जिनाप्पाचा फोन आला.

"लेखकराव, घरी या जरा. तुमची वहिनी बोलंना झालीय."

"कशानं?"

"मी पळालो म्हणून."

जिनाप्पा चौगुले हा 'प्रतिसृष्टी'चा सामानवाला. तलवारी, पगड्या, कंदील, सगळं त्याच्या ताब्यात. गडाच्या दारवानाचं, नाईकबाचं, काम करणारा नट ऐनवेळी तापानं पडला आणि पगडी जिनाप्पाच्याच हातात असल्यामुळे ती त्याच्याच डोक्यावर ठेवण्यात आली. काम एवढंच: गड उडायच्या बेतात असतो, दोरखंड ताणलेले असतात, दारवान आधी छाती काढून उभा राहतो आणि मग एकाएकी त्याचा धीर सुटतो. "थांबा, मी बी येतो!" असं ओरडत तो दारातून आत उडी मारतो. पगडी खाली राहते. सगळ्या सिनेमात हसण्याची तेवढीच जागा. अजूनही जिनाप्पा रस्त्यात दिसला की पोरं ओरडतात, "थांबा, मी बी येतो!" आणि जिनाप्पा हात वर करून हसतो.

मी माझी स्कूटर काढली. ती बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं आहे, म्हणून हळू चालवतो.

जिनाप्पाचं घर बैठं, दारात पद्मावहिनींची रोजची रांगोळी. तिची नक्षी बदललेली मी कधी पाहिली नाही: वर एक आडवी रेघ, तिला लटकलेल्या कमानी, एक वेटोळं, एक शेपूट, आणि भोवती वेलबुट्टी. रांगोळी ओलांडून आत गेलो तर नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, आणि त्यांचा मुलगा महावीर मधल्या दारात. महावीर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि काळजी पद्धतशीर करतो.

"काका, तुम्हीच सांगा तिला," तो म्हणाला. "गेल्या रविवारी माझ्या मुलीनं आजीला भिंतीवर 'उडता गड' लावून दाखवला. आईनं तो लग्नाआधी एकदाच बघितला होता. नंतर कधीच नाही."

"एकदा बघितलं की बास झालं," आतून वहिनी म्हणाल्या. "बघितलेलं मी इसरत न्हाई."

"आणि शेवट आल्यावर ती उठून म्हणाली, ह्यो माझा नवरा न्हवं."

"न्हवंच!" वहिनी बाहेर आल्या. सत्त्याहत्तर वय, पण पाठ ताठ. "भावजी, तुम्ही जाणकार. सांगा. नाईकबा पळतोय व्हय? ह्यांनी समद्यास्नी आत घातलं, दार भायेरनं लावलं, आनि म्हणाले, 'तुम्ही व्हा फुडं. मी दार लावून आलोच.' आनि कुऱ्हाडीनं दोर तोडला. गड गेला वर. हे खालीच. शत्रू चौबाजूंनी. तिथंच संपलं न्हवं?"

मी जिनाप्पाकडे पाहिलं. तो कोचाच्या कडेवर बसून पायांकडं बघत होता.

"असलं काय मी म्हणालो न्हाई गं," तो म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. उडी मारली आनि गुडघा फुटला."

"मग मी लगीन कुणाशी केलं?" वहिनी म्हणाल्या. "सांगलीचा बँकेतला कारकून सांगून आला होता मला. पक्की नोकरी. मी बापाला म्हणाले, मला तो खाली राहणारा मानूस पायजे. आनि हे म्हणतात, मी पळालो!"

आता मला सांगणं भाग होतं. एकसष्ट वेळांचा अधिकार माझ्यापाशी होता, आणि अधिकार असला की माणसाच्या आवाजात एक प्रकारचं तूप येतं.

"वहिनी, जिनाप्पा बरोबर सांगतोय. दारावर पाटीसुद्धा आहे, 'दार आतून लावावे'. त्यातलं 'आतून' लाल रंगात, मोठं. पाटी यानंच रंगवली होती. दार आतून लावायचं, तर बाहेर कोण राहील?"

"तसली पाटी नव्हती. दारावर आपली अक्षरं नव्हतीच मुळी. मंगळावरची होती."

महावीरनं माझ्याकडे हळूच पाहिलं.

"आणि दोर कोणत्या हातानं तोडला, वहिनी?"

"डाव्या."

"मी जन्माचा उजवा," जिनाप्पा म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते जिंकणं आवडलं नाही.

महावीरनं मला बाजूला घेऊन एक फॉर्म दाखवला. मिरजेकडं आठवणींचं एक केंद्र निघालं होतं. सहा आठवडे राहायचं. तिथे पेशंटला त्याच्या तरुणपणचे सिनेमे रोज थोडे थोडे दाखवून आठवण ताळ्यावर आणतात. सोमवारी सकाळी दाखल करायचं होतं. फॉर्मवर एक रकाना होता, 'जाणकाराचा अभिप्राय'. मी लिहिलं: 'मूळ चित्रपटात दारवान गडावर चढतो. श्रीमती चौगुले यांची आठवण चुकीची आहे.' खाली सही. तारीख घालायला चष्मा लागला.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. रागावल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुमास्नी बी आठवंना का?"

मला संशय वहिनींचा होता. तो दुसऱ्या दिवशी हलला, आणि तो हलवणाऱ्या बाईंना त्याची कल्पनाही नव्हती.

कंपनीच्या इरावती बोकील दर गुरुवारी मला पडद्यावर भेटत. वय तिशीचं, बोलणं गोड. इतिहासात 'संगती'चं एक प्रकरण हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"सर, पूर्वी तक्रारींनी जीव जायचा. तिसऱ्या भागात मेलेला सेनापती सातव्यात बेसनाचे लाडू खातो. आता तुम्ही शोधून दाखवा तो मेलेला."

"तिसऱ्यात तो मरत नाही," मी म्हणालो. "जखमी होतो."

"बघा!" त्या खूश झाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या काळी सिनेमा म्हणजे फिल्मवरची चित्रं. त्या प्रती केव्हाच गेल्या. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठीच बऱ्याचशा धुतल्या गेल्या. कॅसेटना बुरशी लागली. आता जो सिनेमा आपण लावतो ती असते 'जिवंत प्रत'. यंत्राला सगळी मालिका पाठ असते, आणि आपण बटण दाबलं की ते सिनेमा नव्यानं चितारत जातं, गवयानं चीज दर बैठकीत नव्यानं गावी तसं. नवा भाग आला की यंत्रातली 'संगती' ही सोय मागचे सगळे भाग त्याच्याशी जुळवून घेते. पण एकदम नाही. आज सावली थोडी गडद, पुढच्या महिन्यात एक वाक्य अस्पष्ट, त्यापुढे माणूस दारापासून अर्धी वीत अलीकडे. प्रत्येक बदल माणसाच्या लक्षात येईल त्याच्या किंचित खाली ठेवायचा.

"आणि आमच्या आठवणी?" मी विचारलं. "त्या तर जुन्याच राहणार."

"तेच तर सुंदर आहे, सर. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. आपण ती बाहेर काढली की ती मऊ पडते, ओल्या गिलाव्यासारखी. काही तासांनी पुन्हा घट्ट होते. त्या तासांत समोर जे असेल त्याचा ठसा तिच्यात उतरतो. म्हणजे जो सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो, त्याची आठवण सिनेमाबरोबरच चालत येते. आम्ही आठवणी बदलत नाही, सर. आम्ही फक्त सिनेमा बदलतो. आठवणी आपल्या आपण बदलतात."

"आणि कुणी मधे पाहिलाच नाही तर?"

"मग फरक मोठा पडतो आणि मेंदू तो घेत नाही. माणूस बिथरतो. पण अशी माणसं बहुतेक वयस्कर असतात, त्यामुळे घरचेच त्यांना समजावतात. तक्रार आमच्यापर्यंत येत नाही."

मी पाणी प्यालो.

"नाईकबाचं काही बदललंय का हो?"

"चौदाव्या भागाचा नायक त्याचा नातू आहे ना. गडावर जन्मलेला. मग आजोबा गडावर असायला हवेत."

"आधी नव्हते?"

"आता आहेत, सर."

"आधी?"

"सर, जिवंत प्रतीला मागची प्रत नसते," त्या म्हणाल्या. लहान मुलाला चंद्र का मिळत नाही हे सांगावं तशा. "म्हणजे तेव्हा काय होतं ते मलाही सांगता येणार नाही. खरंच."

त्या खरं बोलत होत्या. मला त्याचीच भीती वाटली.

त्या दुपारपासून मी सगळ्यांवर संशय घेऊ लागलो आणि सुरुवात माझ्यापासून केली. पोरं जिनाप्पाला 'थांबा, मी बी येतो' म्हणून चिडवतात, हे मला नक्की आठवत होतं. पण कधीपासून? मी एकेक पोरगं आठवत मागे गेलो. तीन वर्षांच्या मागे एकाही पोराचा चेहरा सापडेना. गेली तीन वर्षं साठीच्या तयारीसाठी म्हणून पहिला भाग सतत कुठे ना कुठे लावत होते. माझी शेवटची वीस-पंचवीस पारायणं त्याच काळातली. जिनाप्पा तर आल्यागेल्या पाहुण्याला बसवून दाखवायचा. म्हणजे ज्यानं तो जितक्या वेळा पाहिला, तितका तो माणूस जास्त चुकीचा. गावात माझ्याइतका चुकीचा माणूस दुसरा नसावा.

मग मी माझ्या लग्नाची चित्रफीत लावून पाहिली. तीही कुठल्याशा कंपनीकडेच ठेवलेली आहे. तीत मी हसतोय. माझ्या आठवणीप्रमाणे मला त्या दिवशी ताप होता. बंद केली. पुन्हा लावली असती तर ताप उतरला असता.

कागदाला मात्र कुणी सुधारू शकत नाही. माळ्यावरून मी जुनी ट्रंक काढली. थेटरात चार आण्याला मिळायची ती सिनेमाची पुस्तिका सापडली: पिवळा कागद, गाण्यांचे बोल, आणि कथासार. कथासार वाचलं. '...गडाचे दोरखंड ताणले जातात. दारवान नाईकबा दारापाशी उभा असतो. आता तो काय करतो? ते रुपेरी पडद्यावरच पाहावे.'

सगळ्या पुस्तिका अशाच असत. शेवट सांगितला तर तिकीट कोण काढील?

मग माझं परीक्षण काढलं. कात्रण डिंकानं चिकटवलेलं. बाविसाव्या वर्षीचा मी त्यात म्हणत होतो: 'शेवट सांगण्याचा अरसिकपणा प्रस्तुत लेखक करणार नाही.' या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. एकोणसाठ वर्षांनी मी त्या पोराला पहिल्यांदा शिवी दिली.

हाती उरल्या एकट्या वहिनी. त्या म्हणत होत्या की दोर डाव्या हातानं तोडला आणि पाटी मंगळाच्या लिपीत होती. मला खात्री हवी असलेल्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार असं बोलत होता. वकील असतो तर खटला मागे घेतला असता.

पण एक गोष्ट खुपत राहिली. वहिनींनी ही गोष्ट जिनाप्पाकडून ऐकून मनात घोळवली असती, तर कुऱ्हाड उजव्या हातात आली असती. तो उजवाच आहे. तो उजवा आहे हे सत्तावन्न वर्षं रोज बघूनसुद्धा ही बाई डावा म्हणत होती. कल्पनेतून आलेली चूक सोयीची असते. ही भलतीच गैरसोयीची होती.

रविवारी सकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर बॅग भरून ठेवली होती. महावीर औषधांच्या पिशवीवर चिठ्ठ्या चिकटवत होता, जिनाप्पा कोचावर बसून ते बघत होता. वहिनी नेसून तयार होत्या, एक दिवस आधीच.

"वहिनी, एकच विचारतो. सिनेमा कुठं बघितलात?"

"आमच्या गावच्या उरसात. शिरोळकडं. तंबूत."

"तंबूत कुठं बसला होतात?"

"बसाया जागा कुठली? ही गर्दी! फुडं बापयमानसं. आमा बायकांना पडद्याच्या मागल्या अंगाला बसवलं. तिकडनं बी दिसतंय की. पडदा पातळच असतोय."

महावीरचा हात थांबला. तो इंजिनिअर आहे.

"मागून," तो म्हणाला. "म्हणजे उलटं. उजवा हात डावा दिसणार."

"आणि अक्षरं?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "वहिनी, ती मंगळावरची अक्षरं... तुम्हाला आठवतात का थोडीफार?"

"आठवायचं काय त्यात?" वहिनी म्हणाल्या. "रोज तर काढते."

आम्ही तिघंही दाराकडे वळलो.

"मला लई आवडली होती," त्या सांगत होत्या. "गडाच्या दारावरची नक्षी आपल्या बी दारात असावी म्हणून. घरी आल्याबरोबर राखेत काढून ठेवली, इसरायच्या आत. लगीन झाल्यावर हितं काढाया लागले. ह्यांना कधी सांगितलं न्हाई. हसले असते."

वहिनींच्या फणीकरंड्याचा आरसा महावीरनं आणला आणि उकिडवं बसून रांगोळीच्या कडेला उभा धरला. सत्तावन्न वर्षांत अक्षरांना फुलं आली होती, उकाराची वेल झाली होती, मात्रेवर एक पक्षी बसला होता. तरी आरशात ते नीट वाचता येत होतं.

'बाहेरून'.

जिनाप्पा काठी टेकत आला, वाकला, आणि आरशात बराच वेळ बघत राहिला.

"अक्षर माझं हाय," तो म्हणाला. "'ह'ची शेपटी मी अशीच वढतोय. लाल रंग संपत आला होता, म्हणून तेवढाच एक शब्द लाल केला." त्यानं उरलेली पाटी मनात वाचली. "दार बाहेरून लावावे. व्हय. असंच असणार. पण लेखकराव, मला अजून तेच दिसतंय. मी पळालो. उडी मारली. गुडघा..."

"गुडघा फुटला तो मोरीत पडून," वहिनी मला म्हणाल्या. "धाकटीच्या बारशाला."

"तसं असंल," जिनाप्पा म्हणाला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, स्वतःच्या एकुलत्या एका पराक्रमाकडं दुसऱ्याच्या घरातल्या फोटोकडं बघावं तसं बघत होता. "पण मला आठवंना गं."

"नसू दे. तुमास्नी आठवायची गरज न्हाई. माझ्याकडं हाय."

आठ दिवसांत त्या नवऱ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य.

महावीरनं फॉर्म घडी करून खिशात घातला, मग बाहेर काढला, मग फाडला. "रोज थोडं थोडं दाखवणार होते तिला," तो म्हणाला. "सहा आठवडे. आणि ती बरी झाली असती." ओट्यावरची बॅग त्यानं स्वतः रिकामी केली. आईच्या साड्यांच्या घड्या त्याला नीट घालता येत नव्हत्या, पण वहिनींनी घालू दिल्या.

मी त्याच दिवशी घरी येऊन पहिलं प्रकरण पुरं केलं. दारवान खाली राहतो, दार बाहेरून लावतो, काय म्हणतो, सगळं लिहिलं आणि कंपनीकडे धाडलं. अधिकृत इतिहासही जिवंत प्रतीतच निघणार होता. तिसऱ्या दिवशी उघडून पाहिलं, तर दारवान आत उडी मारत होता. परिच्छेद माझ्याच शैलीत होता, मराठी माझ्याहून बरं. एक विनोदही होता, मला सुचायला हवा होता असा.

इरावतीबाईंना फोन केला. त्या हळहळल्या. "सर, यंत्राला विसंगती सापडली की ते जुळवून घेतं. त्यात वैयक्तिक काही नाही."

मी दोन दिवस विचार केला आणि मग बाविसाव्या वर्षीच्या त्या पोराची क्षमा मागितली. प्रकरणाचा शेवट नव्यानं लिहिला: 'गडाचे दोरखंड ताणले जातात. दारवान नाईकबा दारापाशी उभा असतो. आता तो काय करतो, हे सांगण्याचा अरसिकपणा प्रस्तुत लेखक करणार नाही. ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी श्रीमती पद्मावती चौगुले यांना समक्ष भेटावे. दुपारी दोन ते चार त्या झोपतात.' खाली पत्ता.

यात विसंगती कुठेच नाही. जे लिहिलेलंच नाही ते सुधारणार कसं? तो परिच्छेद अजून तसाच आहे. मी रोज बघतो. नंतर मनात येतं, रोज बघू नये.

लोक येतात म्हणे. परवा कऱ्हाडहून तिघंजण आले होते. वहिनी त्यांना ओट्यावर बसवतात, चहा देतात, आणि आधी विचारतात, "सिनेमा किती वेळा बघितलाय?" फार वेळा बघितला असेल तर म्हणतात, "मग तुमच्याशी बोलून उपेग न्हाई. पण ऐका."

कंपनीचा साठीचा सोहळा मागच्या महिन्यात झाला, सकाळी अकराला. जिनाप्पाला व्यासपीठावर बोलावलं होतं. त्यानं 'थांबा, मी बी येतो' म्हणायचं, मागे पडद्यावर उडी दिसणार, आणि लोक टाळ्या वाजवणार, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. मी त्यांना न्यायला गेलो. महावीरची गाडी कोपऱ्यावर उभी होती.

"तिथं काय म्हणू मी?" जिनाप्पा बायकोला विचारत होता.

"काय बी म्हणू नका. नमस्कार करा आनि बसा."

"आनि ते म्हणाले, म्हणाच, तर?"

"तर म्हणा, ऐकू येत न्हाई."

जिनाप्पाच्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर, म्हणजे तीन वर्षांत, ही दोघं एकत्र घराबाहेर पडली नव्हती. वहिनी आणि मी रांगोळी ओलांडून पायरी उतरलो. जिनाप्पा मागे उंबऱ्यात उभा राहून खिशात कुलूप शोधत होता. आधी चष्मा निघाला, मग रुमाल, मग पुन्हा चष्मा.

"या की लवकर," वहिनी म्हणाल्या. "गाडी थांबलीया."

तो खिशातून मान वर न काढता, कुणी हजारदा म्हटलेलं वाक्य हजार-एकाव्यांदा म्हणावं तसा म्हणाला:

"तुम्ही व्हा फुडं. मी दार लावून आलोच."

वहिनी जागच्या जागी थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवून मला गप्प बसवलं. सांगितलं असतं तर त्यानं ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं असतं, आणि मग ते त्याचं राहिलं नसतं.

आम्ही पुढे झालो. मागे कडी वाजली, कुलूप लागलं. वहिनी सरळ पुढे बघत चालत होत्या, पण चाल मुद्दाम हळू ठेवली होती, आणि कान मागे.

काठीचा आवाज आला. एक, मग दुसरा. या खेपेला तो आला.